कार्यालयाचा संगणक आणि एकच वाय-फाय

कार्यालयाच्या मालकीच्या संगणकांनी व्यवस्थापनाने ठरवून दिलेल्या एकाच बिनतारी जाळ्याशी जोडले जावे, अन्य कोणत्याही जाळ्याशी जोडणी करू नये, असा नियम बँकांपासून सनदी लेखापालांच्या पेढ्यांपर्यंत अनेक ठिकाणी आढळतो. वरकरणी हा नियम कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवण्याचा एक प्रकार वाटतो. शेजारच्या उपाहारगृहाचे मोफत वाय-फाय पडद्यावर दिसत असताना आणि खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट हाताशी असताना कार्यालयाच्या मंदगती जाळ्यालाच का चिकटून राहायचे, असा प्रश्न कर्मचाऱ्याला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर रेडिओलहरींच्या आणि संगणकाच्या स्वभावात दडलेले आहे.

तारेने जोडलेल्या संगणकाला इमारतीच्या भिंतींचे संरक्षण असते. त्या जाळ्यात शिरायचे तर आधी दारातून आत यावे लागते, पहारेकऱ्याला ओलांडावे लागते आणि भिंतीवरच्या खाचेत तार खुपसावी लागते. बिनतारी जाळ्याला भिंती माहीत नसतात. कार्यालयाच्या लहरी रस्त्यावर जातात आणि रस्त्यावरच्या, वरच्या मजल्यावरच्या, समोरच्या इमारतीतल्या लहरी कार्यालयात येतात. मुंबई-पुण्यातील दाटीवाटीच्या व्यापारी संकुलात लॅपटॉप उघडला, की दहा-वीस जाळ्यांची नावे सहज दिसतात. त्यांतले आपले कोणते, परके कोणते आणि आपल्या नावाचा मुखवटा चढवलेले परके कोणते, हे कुणीतरी ठरवणे भाग आहे. एकाच जाळ्याचा नियम म्हणजे हा निर्णय कर्मचाऱ्याच्या क्षणिक सोयीवर न सोडता आधीच घेऊन ठेवणे होय.

संगणक जाळे कसे निवडतो?

वाय-फायचा पाया असलेले ८०२.११ हे तांत्रिक मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये त्याची अधिक वेगवान आवृत्ती आली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लॅपटॉपमध्ये ही सोय अंगभूत मिळू लागली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि घरोघरी राउटर बसू लागले.

प्रत्येक जाळ्याला एक नाव असते. प्रक्षेपण करणारे उपकरण, म्हणजेच ॲक्सेस पॉइंट, हे नाव सेकंदातून अनेकदा हवेत जाहीर करीत असते. संगणक एकदा एखाद्या जाळ्याशी जोडला गेला, की त्याचे नाव आणि पासवर्ड तो आपल्या यादीत नोंदवून ठेवतो. पुढच्या वेळी ते नाव कानावर पडताच, वापरणाऱ्याला न विचारता तो जोडणी करू शकतो. ही स्मरणशक्ती सोयीची आहे, तशीच ती घातकही आहे. विमानतळ, हॉटेल, मंगल कार्यालय, नातेवाइकांचे घर अशा ठिकाणी कधीकाळी वापरलेली जाळी त्या यादीत वर्षानुवर्षे पडून राहतात. शिवाय नाव कुणीही कोणतेही ठेवू शकतो. त्याची नोंदणी नसते, त्यावर मालकी नसते आणि त्याची तपासणी करणारी यंत्रणाही नसते.

याचे एक बोलके उदाहरण २००० च्या दशकात अमेरिकेच्या विमानतळांवर दिसले. ‘फ्री पब्लिक वाय-फाय’ नावाचे एक जाळे जिथे तिथे आढळू लागले. प्रत्यक्षात तिथे इंटरनेट नव्हतेच. विंडोज एक्सपीच्या सदोष रचनेमुळे एखादा लॅपटॉप या नावाच्या दुसऱ्या लॅपटॉपशी जोडला गेला, की नंतर तो स्वतःच त्याच नावाची हाक देऊ लागे. मोफत या शब्दाला भुलून प्रवासी जोडणी करीत आणि नकळत त्या नावाचा प्रसार करीत पुढच्या शहरात जात. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये हा दोष दूर केला. त्यामागे कुणा एकाचे कारस्थान असल्याचे दिसले नाही. परंतु केवळ नावावर विश्वास ठेवणारा संगणक किती सहज फसतो, हे मात्र त्यातून जगजाहीर झाले.

तीन प्रकारचे धोके

पहिला धोका तोतया जाळ्याचा. हल्लेखोर कार्यालयाच्या किंवा परिचित हॉटेलच्या नावाचे जाळे स्वतःच्या उपकरणावरून सुरू करतो. संगणक आपोआप त्याला जोडला जातो, किंवा वापरणारा फसून जोडतो. मग बनावट लॉगइन पान दाखवून त्याच्याकडून नाव आणि पासवर्ड काढून घेता येतात. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये पोलिसांनी एका व्यक्तीवर पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेड येथील विमानतळांवर तसेच देशांतर्गत विमानांत अशी तोतया जाळी उभी केल्याचा आरोप ठेवला. विमानात सापडलेल्या एका संशयास्पद जाळ्याबद्दल विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या तक्रारीतून ते प्रकरण उघडकीस आले होते.

दुसरा धोका पुलाचा. संगणक एकीकडे तारेने कार्यालयाच्या आतल्या जाळ्याशी जोडलेला असतो आणि त्याच वेळी त्याचे वाय-फाय बाहेरच्या जाळ्याशी जोडलेले असते. अशा वेळी तो दोन्हींमधला पूल बनतो. लाखो रुपये खर्चून मुख्य दारावर बसवलेली फायरवॉल या मागच्या दाराकडे पाहूही शकत नाही.

तिसरा धोका नजरेआड होणाऱ्या वाहतुकीचा. कार्यालयाच्या जाळ्यावर घातक संकेतस्थळे अडवली जातात, नोंदी ठेवल्या जातात, विषाणू ओळखले जातात. कर्मचाऱ्याने तोच संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला, की ही सर्व व्यवस्था बाजूला पडते. ग्राहकांची यादी चुकून बाहेर गेली किंवा मुद्दाम पाठवली गेली, तरी तिचा माग कार्यालयाच्या नोंदींत सापडत नाही.

यांतील पहिल्या धोक्याच्या अभ्यासात पुण्याचाही वाटा आहे. पुण्यात संशोधन केंद्र असलेल्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीतील विवेक रामचंद्रन आणि मोहम्मद सोहेल अहमद यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील टूरकॉन परिषदेत ‘कॅफे लाते’ हा हल्ला सादर केला. तोवर अशी समजूत होती, की वेप या जुन्या पद्धतीने संरक्षित जाळ्याची किल्ली फोडायची तर हल्लेखोराला त्या जाळ्याच्या आसपास यावे लागते. कार्यालयापासून दूर, एखाद्या कॉफीगृहात बसलेल्या एकट्या लॅपटॉपशी संवाद साधूनही त्याच्या कार्यालयाच्या जाळ्याची किल्ली मिळवता येते, हे या दोघांनी दाखवून दिले. जाळे कितीही बंदिस्त असले, तरी त्याची किल्ली बाळगणारा संगणक जिथे जाईल तिथे धोका त्याच्यासोबत जातो, हा त्यातला धडा होता.

मुंबईने घेतलेला अनुभव

बिनतारी जाळ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचला तो २००८ मध्ये. त्या वर्षी २६ जुलैला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने एक ई-मेल मिळाला. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला. त्याची कसून चौकशी झाली. अखेरीस त्याच्या वाय-फायचा वापर परक्या व्यक्तीने केल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यावरून आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूर येथील एका खासगी कंपनीच्या जाळ्यावरून असेच ई-मेल पाठवले गेले.

या घटनांनंतर मुंबई पोलिसांनी असुरक्षित वाय-फायविरुद्ध मोहीम हाती घेतली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने वाय-फाय सेवेच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. एखाद्या जोडणीवरून जे काही घडते, त्याचा पहिला जाब जोडणीच्या मालकाला विचारला जातो, हे त्या वर्षी सर्वांच्या लक्षात आले. कार्यालयांनाही हेच लागू आहे. आपला संगणक कोणत्या जाळ्यावर होता आणि आपल्या जाळ्यावर कोणते संगणक होते, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या आस्थापनेपाशी नाहीत, तिला स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करणे अवघड जाते.

शेजाऱ्याच्या खिडकीतून

वाय-फायवरील हल्ल्यासाठी हल्लेखोराला जवळ यावे लागते, हा दिलासा दीर्घकाळ मानला जात होता. एप्रिल २०१८ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथे रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेचे चार अधिकारी पकडले गेले, तेव्हा ते रासायनिक शस्त्रास्त्रे प्रतिबंधक संघटनेच्या मुख्यालयाशेजारी उभ्या केलेल्या मोटारीतून तिच्या वाय-फायमध्ये शिरण्याच्या तयारीत होते. उपकरणे मोटारीच्या डिकीत होती. डच सरकारने त्यांची हकालपट्टी केली आणि ऑक्टोबरमध्ये हे प्रकरण जाहीर केले.

वोलेक्सिटी या सायबर सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये उजेडात आणलेल्या प्रकरणाने मात्र जवळ येण्याची अटही मोडीत काढली. फेब्रुवारी २०२२ मधील या हल्ल्यात रशियाशी संबंधित हल्लेखोरांनी एका संस्थेतील कर्मचाऱ्यांचे पासवर्ड मिळवले होते. इंटरनेटवरून आत शिरायला दुसरी पडताळणी आड येत होती. वाय-फायला मात्र केवळ नाव आणि पासवर्ड पुरत होता. हल्लेखोर हजारो मैल दूर होते. तेव्हा त्यांनी जवळच्या दुसऱ्या एका संस्थेत दूरवरून प्रवेश मिळवला, तिथे तार आणि वाय-फाय अशा दोन्ही जोडण्या असलेला संगणक शोधला आणि त्याच्या वाय-फायमधून शेजारच्या लक्ष्याच्या जाळ्यात पाऊल ठेवले.

त्या शेजारी संस्थेचा संगणक तारेवर असताना वाय-फाय बंद ठेवण्याची, किंवा स्वतःच्या जाळ्याखेरीज अन्य जाळ्याशी न जोडण्याची सक्ती असती, तर त्या एका संगणकापुरती तरी ही वाट बंद झाली असती. अर्थात त्या संगणकाचे प्रशासकीय अधिकारच हल्लेखोराच्या हाती गेले असतील, तर त्याला अशी सक्ती उठवताही येते. म्हणून हा नियम सुरक्षेच्या अनेक थरांपैकी एक थर आहे. मात्र त्याचा उपयोग केवळ स्वतःपुरता नसतो. आपला संगणक शेजाऱ्यावर हल्ला करण्याचे साधन होऊ नये, ही जबाबदारीही त्यात अंतर्भूत आहे.

नियम अमलात कसा येतो?

विंडोजवर चालणाऱ्या संगणकात ही व्यवस्था अंगभूत आहे. ‘नेटश’ या आज्ञावलीतून वाय-फायसाठी गाळणी लावता येते. गाळणीचे तीन प्रकार आहेत. एक, ठरावीक नावाच्या जाळ्याला परवानगी देणारी. दुसरी, ठरावीक नावाचे जाळे अडवणारी. आणि तिसरी, परवानगी असलेल्यांखेरीज सर्व जाळी अडवणारी. एकाच जाळ्याचा नियम लावताना पहिली आणि तिसरी मिळून वापरतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आपल्या जाळ्याला परवानगी द्यावी, त्याचे नाव अक्षरशः बरोबर असल्याची खात्री करावी आणि मगच उरलेल्यांना मनाई करावी. उलट क्रमाने गेल्यास संगणकाची स्वतःचीच जोडणी तुटते. अडवलेली जाळी यादीत दिसावीत की लपवावीत, हेही ठरवता येते. संगणकांनी परस्परांशी थेट जोडण्याच्या पद्धतीसाठी वेगळी गाळणी लावावी लागते.

दहा-पंधरा संगणकांच्या कार्यालयात हे काम एकेका संगणकावर करता येते. शेकडो संगणक असतील तर ‘ग्रुप पॉलिसी’ या मध्यवर्ती व्यवस्थेतून एकदाच नियम लिहिला जातो आणि तो सर्व संगणकांवर उतरतो. त्यातच आणखी एक उपयुक्त कलम आहे. संगणक कार्यालयाच्या मुख्य जाळ्याशी जोडलेला असताना त्याला बाहेरच्या जाळ्याशी जोडू न देणे. वर सांगितलेला पुलाचा धोका त्यामुळे टळतो. व्यवसायासाठी बनवलेल्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्येही तार जोडताच वाय-फाय बंद करण्याची सोय असते.

आयफोन, आयपॅड आणि अँड्रॉइडसाठी मोबाइल व्यवस्थापन प्रणालीचा आधार घ्यावा लागतो. कंपनीच्या देखरेखीखाली नोंदवलेल्या आयफोनला व्यवस्थापनाने दिलेल्या जाळ्यांपुरतेच मर्यादित ठेवता येते. अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीपासून कंपनीच्या मालकीच्या फोनवर परवानगी असलेल्या जाळ्यांची यादी लादता येते.

दोन फटी मात्र हमखास राहून जातात. पहिली प्रशासकीय अधिकारांची. कर्मचाऱ्याला स्वतःच्या संगणकावर प्रशासकाचे अधिकार असतील, तर तो गाळणी लावणारी आज्ञाच उलटी फिरवू शकतो. म्हणून सामान्य वापराचे खाते आणि प्रशासकाचे खाते वेगळे असणे ही या नियमाची पूर्वअट आहे. दुसरी फट यूएसबीची. मोबाइल तारेने लॅपटॉपला जोडून त्याचे इंटरनेट वापरले, तर संगणकाच्या लेखी ते वाय-फाय नसतेच. तो त्याला तारेची जोडणी समजतो आणि वाय-फायची गाळणी तिथे निरुपयोगी ठरते. ब्लूटूथवरून इंटरनेट घेण्याच्या सोयीचेही तसेच. ही दारे बंद करायची असतील, तर नवी उपकरणे बसवण्यावर स्वतंत्र निर्बंध घालावे लागतात.

नाव म्हणजे ओळख नव्हे

इथवरची सर्व व्यवस्था जाळ्याच्या नावावर आधारलेली आहे, हीच तिची मोठी मर्यादा आहे. गाळणी नाव पाहते; त्या नावामागे कोण उभे आहे, हे ती विचारत नाही. म्हणून नावाच्या गाळणीला ओळखीच्या पडताळणीची जोड द्यावी लागते.

या पडताळणीचा इतिहास चढउतारांचा आहे. मूळ मानकातील वेप ही संरक्षणपद्धत २००१ मध्ये फ्लुहरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी दाखवलेल्या दोषामुळे मोडकळीस आली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ अशा सुधारणा आल्या. जुन्या पद्धतीला चिकटून राहण्याची किंमत अमेरिकेतील टीजेएक्स या दुकानसाखळीने मोजली. तिच्या दुकानातील वेपने संरक्षित बिनतारी जाळ्यातून हल्लेखोर आत शिरले. चोरीचा प्रकार जानेवारी २००७ मध्ये जाहीर झाला आणि किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक चोरीला गेल्याचे कंपनीने त्या मार्चमध्ये मान्य केले. मुख्य आरोपीला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. संगणकांना एकाच जाळ्याला बांधायचे तर ते जाळे त्या विश्वासाला पात्र असले पाहिजे, हे या प्रकरणाने अधोरेखित केले. कच्च्या दोरखंडाला सर्व होड्या बांधल्याने सुरक्षा वाढत नाही.

सर्वांना मिळून एकच पासवर्ड ही छोट्या कार्यालयांतील प्रचलित पद्धत आहे. नोकरी सोडून गेलेल्याला तो माहीत असतो आणि पाहुण्यालाही तो सौजन्याने सांगितला जातो. पासवर्ड आणि नाव दोन्ही ठाऊक असलेल्याला हुबेहूब तोतया जाळे उभारणे कठीण नसते. यावरील भक्कम उपाय म्हणजे ८०२.१एक्स या मानकावर आधारित व्यवस्था. तिच्यात प्रत्येक संगणकाला स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र असते आणि जाळ्याच्या सर्व्हरपाशी त्याचे. जोडणीपूर्वी दोघेही परस्परांचे प्रमाणपत्र तपासतात. तोतयापाशी नाव असते, प्रमाणपत्र नसते; त्यामुळे संगणक त्याला दाद देत नाही. मात्र सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची खूण जोडणीच्या मांडणीतून काढून टाकली, तर ही व्यवस्था अर्धी लंगडी होते. जोडणीची कटकट टाळण्यासाठी ही खूण काढली जाते आणि तिथेच घात होतो.

जाळ्याचे नाव लपवून ठेवण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. त्याचा उपयोग नगण्य आहे. उलट, लपवलेले जाळे शोधण्यासाठी संगणकाला त्याचे नाव घेऊन हाका माराव्या लागतात. कार्यालयात जे नाव लपवले, तेच कर्मचाऱ्याचा लॅपटॉप रेल्वे स्थानकावर उघडपणे उच्चारत राहतो.

२०२४ मध्ये या विषयात आणखी एक भर पडली. बेल्जियममधील संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी सहकाऱ्यासह दाखवून दिले, की वाय-फायच्या मानकात जाळ्याच्या नावाची पडताळणी प्रत्येक वेळी होतेच असे नाही. दोन जाळ्यांची ओळखपत्रे सारखी असतील, तर एका नावाला जोडल्याचे भासवून संगणकाला दुसऱ्या जाळ्यावर नेता येते. यावरील व्यावहारिक उपाय सोपा आहे. वेगवेगळ्या नावांच्या जाळ्यांना एकच पासवर्ड किंवा एकच ओळखपत्र कधीही देऊ नये.

हवेवर मालकी नाही

परकी जाळी आपल्या संगणकांना दिसूच नयेत म्हणून ती बंदच पाडावीत, असा मोह काही व्यवस्थापनांना होतो. हा मार्ग कायद्याच्या विरोधात जातो. अमेरिकेत नॅशव्हिल येथील एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचे वैयक्तिक हॉटस्पॉट तांत्रिक युक्तीने तोडले जात होते. तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियट कंपनीला त्याबद्दल ६ लाख डॉलरचा दंड भरायला लावला. भारतातही सरकारी परवानगीशिवाय सिग्नल जॅमर वापरणे बेकायदा आहे.

या निवाड्यातून एक स्वच्छ तत्त्व हाती येते. आस्थापनेचा अधिकार स्वतःच्या उपकरणांवर आहे, हवेवर नाही. आपल्या संगणकाने कुणाशी बोलावे हे तिने ठरवावे. शेजाऱ्याने, ग्राहकाने किंवा कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलने काय करावे, हे ठरवू नये. याच न्यायाने कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक फोनवर नियंत्रण लादण्यापेक्षा त्याच्यासाठी आणि पाहुण्यांसाठी एक वेगळे जाळे ठेवणे श्रेयस्कर ठरते. या जाळ्यावरून केवळ इंटरनेट मिळावे, कार्यालयाचे सर्व्हर आणि छपाईयंत्रे मिळू नयेत.

घरून कामाचा पेच

एकाच जाळ्याचा नियम टेबलावरच्या, जागचे न हलणाऱ्या संगणकाला शोभतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि लाखो लॅपटॉप रातोरात घरी गेले. तिथे कार्यालयाचे जाळे कुठून येणार? ज्यांनी नियम अतिकडक ठेवला होता, त्यांना तो घाईने सैल करावा लागला.

त्यातून आता दुहेरी पद्धत रुळली आहे. न हलणाऱ्या संगणकांना एकच जाळे. लॅपटॉपला कार्यालयात कार्यालयाचेच जाळे, बाहेर मात्र कोणत्याही जोडणीवरून आधी कंपनीचे व्हीपीएन आणि मग बाकी सर्व. व्हीपीएनमुळे मधले जाळे कोणतेही असले, तरी वाहतूक कूटबद्ध होऊन कंपनीच्या नियंत्रणातूनच जाते. हॉटेल-विमानतळांवर आधी लॉगइन पान भरावे लागते आणि त्या काळात व्हीपीएन सुरू होऊ शकत नाही, ही यातली अडचण. म्हणून फिरतीवरच्या कर्मचाऱ्यांना कंपनीनेच मोबाइल डेटा किंवा डोंगल देणे अधिक सुरक्षित ठरते.

कायद्याची बाजू

संगणक सुरक्षा हा आता केवळ तांत्रिक विषय उरलेला नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या आदेशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती त्या लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे आस्थापनांना बंधनकारक आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून झालेल्या वाहतुकीची नोंद कार्यालयापाशी असणारच नाही, हे इथे ध्यानात घ्यावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. रुग्णालय, शाळा, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था अशा कुणापाशीही लोकांची माहिती संगणकात असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांचा नाही.

छोट्या कार्यालयासाठी

स्वतंत्र तंत्रज्ञ नसलेल्या कार्यालयानेही काही गोष्टी क्रमाने केल्यास पुष्कळ साध्य होते. प्रथम राउटरवर डब्ल्यूपीए-३, ते शक्य नसल्यास डब्ल्यूपीए-२ लावावे आणि राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. नंतर पाहुण्यांचे जाळे वेगळे करावे. प्रत्येक संगणकातील साठलेल्या जुन्या जाळ्यांची यादी पुसावी. मग सामान्य वापराची खाती करून परवानगी आणि मनाईच्या गाळण्या लावाव्यात. कर्मचारी सोडून गेला, की पासवर्ड बदलावा.

नियम लावणाऱ्याने परतीची वाटही राखून ठेवावी. राउटर बदलला, नव्या राउटरचे नाव वेगळे आले आणि सर्व संगणक एकाच वेळी जोडणी नाकारू लागले, असा प्रसंग ओढवू शकतो. नवे नाव आधी परवानगीच्या यादीत घालावे आणि नंतर राउटरवर बदलावे. अडीअडचणीसाठी किमान एका टेबलापर्यंत तार ओढलेली असावी.

आणि शेवटी, जाळे चांगले चालले पाहिजे. कर्मचारी मोबाइलच्या हॉटस्पॉटकडे वळतो तो बहुधा नियम मोडण्याच्या हौसेने नव्हे, तर कार्यालयाचे जाळे बैठकीच्या खोलीत पोहोचत नाही किंवा दुपारी मंदावते म्हणून. ज्या कार्यालयाला एकाच दाराचा आग्रह धरायचा आहे, त्याने ते दार पुरेसे रुंद ठेवणे आणि नियमामागचे कारण आपल्या माणसांना समजावून सांगणे, हेही त्या आग्रहाचेच भाग आहेत.